छोट्या दिव्याची लुकलुक आणि कपॅसिटरची निवड : बिदर-कलबुर्गीच्या उन्हाळ्याचा धडा

बिदर शहरातील बिदरीकामाच्या कार्यशाळांत एक टप्पा असा येतो, की तेथे कारागिराचा हात पूर्णपणे प्रकाशावर विसंबून असतो. जस्त आणि अल्प तांबे यांच्या मिश्रधातूचे ओतीव भांडे प्रथम घासून गुळगुळीत केले जाते. मग त्यावर मोरचुदाचे द्रावण चोळतात. पृष्ठभाग तात्पुरता काळा पडतो आणि कलमाने कोरलेली प्रत्येक रेघ त्यावर उजळ उमटते. या बारीक खाचांत चांदीची तार हलक्या ठोक्यांनी बसवायची असते. अगदी शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या गरम मिश्रणाने भांड्याला कायमचा काळा रंग चढतो. चांदी मात्र शुभ्रच राहते. बहमनी काळापासून नावाजलेल्या या कलेचे सारे सौंदर्य काळ्यावरच्या पांढऱ्या रेषेत आहे, आणि ती रेषा नीट बसली की नाही हे पाहण्याचे काम डोळ्यांचे आहे.

दिवस मावळल्यावर हे काम एखाद्या छोट्या एलईडी दिव्याखाली चालते. तो दिवा डोळ्यांना स्थिर भासतो. प्रत्यक्षात मात्र त्याच्या आतील एक स्वस्त भाग चुकीचा निवडला गेला असेल, किंवा उन्हाळ्याने निकामी झाला असेल, तर तोच दिवा सेकंदाला शंभर वेळा विझत आणि पेटत असतो. तो भाग म्हणजे कपॅसिटर. पाठ्यपुस्तकांत त्याला ‘धारित्र’ म्हणतात आणि दुरुस्तीच्या दुकानात जुन्या सवयीने ‘कंडेन्सर’. दिव्यासाठी तो निवडताना बहुतेक जण केवळ मायक्रोफॅरडचा आकडा विचारतात. बिदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांची हवा आणि तेथील वीज पाहता, त्या आकड्याइतकेच महत्त्व त्याच्या शेजारी छापलेल्या दोन आकड्यांना आहे : व्होल्ट आणि तापमान.

सीमेवरचा उन्हाळा आणि वीज

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या हैदराबाद संस्थानातील बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग मराठी प्रदेशाबरोबर गेला. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हे तालुके तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. भालकी-औरादच्या आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदच्या गावांत आजही घरोघरी मराठी ऐकू येते. बिदर शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६६५ मीटर उंचीवर वसले आहे. कलबुर्गी त्याहून सुमारे दोनशे मीटर खाली आहे, आणि उष्णतेच्या बाबतीत कर्नाटकातील पहिल्या काही शहरांत तिची गणना होते. मे महिन्यात तेथे पारा ४२ अंश सेल्सिअस ओलांडणे ही नवलाची गोष्ट नाही. शहाबादी फरशीची छते आणि पत्र्याची शेडे दिवसभर तापतात आणि सूर्यास्तानंतरही बराच वेळ उष्णता सोडत राहतात. दिवे लावण्याची वेळ नेमकी हीच.

विजेचा प्रश्न निराळा. दोन्ही जिल्ह्यांना कलबुर्गीस्थित गुलबर्गा विद्युत पुरवठा कंपनीकडून वीज मिळते. कोणत्याही ग्रामीण वाहिनीच्या टोकाला जे घडते ते येथेही घडते : शेतीपंप सुरू असताना व्होल्टेज खाली येते आणि पंप बंद झाल्यावर, विशेषतः रात्री उशिरा, ते वर चढते. नावाला २३० व्होल्ट असलेला पुरवठा त्यामुळे कधी १८० च्या आसपास, तर कधी २६० च्या आसपास भेटतो. दिव्याचा हिशेब मांडताना या दोन्ही टोकांचा विचार करावा लागतो.

दिसत नाही, तरी असते

घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते. तिची दिशा सेकंदाला ५० आवर्तनांच्या गतीने उलटसुलट होते. एलईडीला एकाच दिशेची, म्हणजे दिष्ट धारा लागते. म्हणून ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज कमी करून पुढे चार डायोडांचा ब्रिज रेक्टिफायर लावतात. तो लहरीचा उलटा अर्धा भाग सुलटा करतो. दिशा एक झाली, तरी धारा सपाट झालेली नसते; दर सेकंदाला शून्यापासून शिखरापर्यंत चढणारे आणि पुन्हा शून्यावर उतरणारे शंभर उंचवटे मिळतात. एका उंचवट्याचा काळ १० मिलिसेकंद.

साध्या तंतूच्या बल्बला याचे फारसे काही वाटत नसे. तापलेला तंतू इतक्या अल्प काळात थंड होत नाही, म्हणून प्रकाशात थोडीच घट होई. एलईडी मात्र धारा थांबताच विझते. शिवाय ठरावीक व्होल्टेजखाली ती पेटतच नाही. तीन पांढऱ्या एलईडी एकापुढे एक जोडल्या तर त्यांना साधारण ९.३ व्होल्ट लागतात. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर कपॅसिटरविना असा दिवा लावला, तर प्रत्येक १० मिलिसेकंदांपैकी सुमारे ४ मिलिसेकंद तो पूर्ण अंधारात असतो.

डोळ्याला हे तुटक पेटणे वेगळे दिसत नाही. परंतु दिसत नाही म्हणून परिणामही नाही, असे नाही. १९८९ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कार्यालयातील ट्यूबलाइटांची शंभर हर्ट्झची लुकलुक काढून टाकल्यावर कर्मचाऱ्यांच्या डोकेदुखीचे आणि डोळ्यांवरील ताणाचे सरासरी प्रमाण निम्म्याहून खाली आले होते.

दुसरा धोका अधिक उघड आहे. बिदरीच्या भांड्याला झळाळी देणारे बफिंगचे चाक असो, की कलबुर्गीच्या तूरडाळीच्या गिरणीतील पट्ट्याची पुली असो, फिरते यंत्र तुटक प्रकाशात खोटे दिसते. मिनिटाला १४४० फेरे घेणारी, चार आऱ्यांची पुली घ्या. प्रकाशाच्या दोन झळकांच्या दरम्यान ती ८६.४ अंश फिरते, म्हणजे पाव फेऱ्याला जरासे कमी. चारही आरे सारखेच असल्याने डोळ्याला ती सेकंदाला जेमतेम एक फेरा घेत उलट दिशेने रेंगाळताना दिसते. सेकंदाला २४ फेरे घेणाऱ्या लोखंडाजवळ हात नेणाऱ्यासाठी हा भ्रम घातक ठरू शकतो.

लुकलुक किती चालेल, यासाठी आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने २०१५ साली १७८९ क्रमांकाची शिफारस प्रसिद्ध केली. प्रकाशाची कमाल आणि किमान पातळी यांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की लुकलुकीची टक्केवारी मिळते. शंभर हर्ट्झला ही टक्केवारी ८ च्या आत असेल तर धोका कमी, आणि ३.३ च्या आत असेल तर परिणाम जाणवूच नये, असे ही शिफारस सांगते. कपॅसिटर निवडताना गाठायचे लक्ष्य हेच.

हातपंप आणि घागर

कपॅसिटरचे काम समजण्यासाठी गावातला हातपंप पुरेसा आहे. दांडा खाली गेला की पाण्याचा लोंढा येतो, वर गेला की थांबतो. तोटीखाली बुडाला लहान भोक असलेली घागर ठेवली, तर लोंढे घागरीत पडतात आणि भोकातून मात्र जवळपास सारखी धार वाहते. दोन लोंढ्यांमध्ये घागरीतील पातळी थोडी उतरते आणि पुढच्या लोंढ्याने पुन्हा चढते. घागर जितकी रुंद, तितका हा चढउतार कमी. कपॅसिटरचे मायक्रोफॅरड म्हणजे घागरीची रुंदी, व्होल्टेज म्हणजे पाण्याची पातळी आणि दिवा ओढतो ती धारा म्हणजे भोकातली धार.

यातून निवडीचे सूत्रही मिळते. दिव्याची धारा अँपिअरमध्ये घ्यावी, कपॅसिटर एकट्याने दिवा सांभाळतो त्या काळाने गुणावी आणि चालू शकेल एवढ्या व्होल्टच्या चढउताराने भागावी. उत्तर फॅरडमध्ये येते. शिखराच्या आसपासचा थोडा वेळ रेक्टिफायर स्वतःच पुरवठा करत असल्याने लहान ट्रान्सफॉर्मरवर हा काळ १० ऐवजी सुमारे ८ मिलिसेकंद धरता येतो.

किती मायक्रोफॅरड?

कामाच्या मेजावरचा छोटा दिवा उदाहरणादाखल घेऊ. १२ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडांचा ब्रिज, एकापुढे एक जोडलेल्या एक वॅटच्या तीन पांढऱ्या एलईडी आणि धारेला आवर घालणारा २७ ओहमचा रेझिस्टर. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट ही सरासरी स्वरूपाची किंमत असते. लहरीचे शिखर तिच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे १७ व्होल्ट असते. वाटेतील दोन डायोड मिळून साधारण १.४ व्होल्ट खातात. कपॅसिटर त्यामुळे १५.५ व्होल्टच्या आसपास भरतो. एलईडींचे ९.३ व्होल्ट वजा जाता उरलेला दाब रेझिस्टरवर पडतो आणि दिव्यातून सुमारे ०.२ अँपिअर धारा वाहते. एलईडीवरचे व्होल्टेज जवळपास स्थिर असल्याने कपॅसिटरवरचा सारा चढउतार रेझिस्टरवर येतो, आणि तेवढ्याच प्रमाणात प्रकाश हेलकावतो.

४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर चढउतार सुमारे ३.४ व्होल्ट आणि लुकलुक ३० टक्क्यांच्या आसपास राहते. १००० ला चढउतार १.६ व्होल्ट आणि लुकलुक सुमारे १५ टक्के. २२०० ला हे आकडे ०.७ व्होल्ट आणि ७ टक्क्यांवर येतात. ४७०० ला चढउतार ०.३४ व्होल्टपर्यंत उतरतो आणि लुकलुक ३ टक्क्यांच्या घरात येते.

म्हणजे अनेकदा हाती येईल तो ४७० किंवा १००० चा कपॅसिटर बसवण्याची जी पद्धत आहे, ती या दिव्याला पुरत नाही. वाचनाच्या वा देवघरातील दिव्याला २२०० चालेल. मात्र इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची प्रत्यक्ष क्षमता छापील आकड्याहून २० टक्क्यांपर्यंत कमी असू शकते आणि वयानुसार ती आणखी घटते. तेव्हा कोरीवकामाच्या वा फिरत्या यंत्राजवळच्या दिव्याला ४७०० घेणे शहाणपणाचे.

मग १०,००० का नको? कारण कपॅसिटर जितका मोठा, तितका तो शिखराच्या अरुंद क्षणीच भरला जातो. त्या क्षणी ट्रान्सफॉर्मर व डायोडांतून धारेचे तीव्र धक्के जातात आणि वेटोळे अधिक तापते. दिवा सरासरी ०.२ अँपिअर घेत असला, तरी वेटोळ्याला सुमारे पावणेदोन पट धारेचा ताप सोसावा लागतो. म्हणूनच उदाहरणात ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर धरला आहे. लुकलुक ३ टक्क्यांखाली नेण्यात डोळ्यांचा फारसा लाभ नाही. खर्च, आकार आणि उष्णता मात्र वाढते.

किती व्होल्टचा?

कपॅसिटरवर छापलेले व्होल्ट हे त्याच्या सोसण्याची मर्यादा सांगतात. अधिक व्होल्टचा कपॅसिटर लावल्याने दिव्याचे व्होल्टेज वाढत नाही. मोठ्या उंचीच्या घागरीत पाणी आपोआप भरत नाही, तसेच हे. कमी व्होल्टचा लावला तर मात्र तो फुगतो, गळतो, कधी आवाज करून फुटतो.

वरच्या दिव्यात १५.५ व्होल्ट येतात, म्हणून १६ चा कपॅसिटर पुरेल, असा हिशेब सहज केला जातो. तो कागदावरच बरोबर आहे. मध्यरात्री पुरवठा २६० वर गेला, तर १२ व्होल्टच्या जागी साडेतेरा मिळतात. त्यातच एखादी एलईडी निकामी होऊन दिवा विझला, तर ट्रान्सफॉर्मरवरचा भार जातो आणि लहान ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज अशा वेळी १५ टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक वाढते. शिखराचा हिशेब पुन्हा मांडला तर कपॅसिटरवर जवळपास २१ व्होल्ट येतात. १६ चा कपॅसिटर येथे टिकणारच नाही, २५ चा काठावर उभा राहील, ३५ चा निर्धास्त चालेल. बाजारात १६, २५, ३५, ५०, ६३ अशा पायऱ्या मिळतात. सर्वाधिक संभाव्य व्होल्टेजच्या दीडपटीच्या जवळची पायरी निवडावी, हा साधा नियम वाहिनीच्या टोकाच्या गावांत विशेष उपयोगी पडतो.

याच हिशेबात रेझिस्टरही तपासून घ्यावा. २६० व्होल्टला दिव्यातील धारा ०.२९ अँपिअरपर्यंत चढते. एक वॅटच्या एलईडीची ०.३५ ची मर्यादा ती ओलांडत नाही. रेझिस्टरवर मात्र सुमारे २.३ वॅट उष्णता निर्माण होते. तेथे अर्ध्या वॅटचा रेझिस्टर जळून जाईल. पाच वॅटचा सिरॅमिक रेझिस्टर हवा. १८० व्होल्टला धारा ०.०९ च्या आसपास उतरते. दिवा मंद होतो, पण विझत नाही.

तापमानाचा तिसरा आकडा

कपॅसिटरच्या अंगावर ८५ किंवा १०५ अंश सेल्सिअस असे काहीतरी छापलेले असते. पुष्कळांची नजर तेथे जातच नाही. कलबुर्गीत मात्र दिव्याचे आयुष्य याच आकड्याने ठरते.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांमध्ये ओलसर कागद असतो. त्यातील द्रव रबरी बुचातून वर्षानुवर्षे हळूहळू उडून जातो. तो सुकत गेला की क्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. रोध वाढल्याने कपॅसिटर स्वतःच तापतो आणि सुकणे आणखी वेगाने होते. अभियंते येथे एक सोपा अंदाज वापरतात : तापमान दर १० अंशांनी कमी झाले की आयुष्य दुप्पट होते, वाढले की निम्मे.

सामान्य प्रतीच्या कपॅसिटरला छापील तापमानावर २,००० तासांचे आयुष्य दिलेले असते. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात खोलीत ४० अंश असताना दिव्याच्या बंद डबीत ६५ अंश सहज होतात. ८५ अंशांचा कपॅसिटर तेथे २,००० च्या चौपट, म्हणजे ८,००० तास टिकेल. १०५ अंशांचा टिकेल सोळापट, म्हणजे ३२,००० तास. रोज आठ तास दिवा लावला, तर पहिल्याचे आयुष्य तीन वर्षांहून कमी भरते आणि दुसऱ्याचे जवळपास अकरा वर्षे. वर्षभर मे महिन्याचे तापमान नसते, म्हणून दोन्ही आकडे प्रत्यक्षात वाढतील. त्यांतील चौपटीचा फरक मात्र कायम राहील. किमतीतील फरक मात्र थोडासाच असतो.

कपॅसिटर कोठे बसवला यालाही तेवढेच महत्त्व आहे. जागा वाचवण्यासाठी तो तापणाऱ्या रेझिस्टरला वा एलईडीच्या धातूच्या पट्टीला खेटून ठेवला, तर १०५ अंशांचा चांगला कपॅसिटरही अकाली सुकतो. रेझिस्टर डबीच्या वरच्या टोकाला, कपॅसिटर खालच्या टोकाला आणि दोन्हीकडे हवा खेळण्यासाठी छिद्रे, एवढी साधी मांडणी त्याचे आयुष्य कितीतरी वाढवते.

जोडताना आणि बदलताना

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला धन आणि ऋण अशी दोन निश्चित टोके असतात. अंगावरची फिकट पट्टी ऋण टोक दाखवते. तो उलटा जोडला तर आतील थर नष्ट होतो, वायू तयार होतो आणि कपॅसिटर फुटू शकतो. डाख देण्यापूर्वी पट्टीची दिशा दोनदा पाहून घ्यावी. ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला लहान फ्यूज असावा आणि ती बाजू उघडी राहता कामा नये.

जुना कपॅसिटर गेला की नाही, हे बहुधा नुसत्या नजरेनेही कळते. माथा फुगलेला असणे, बुडाशी तपकिरी ओल दिसणे, ही त्याची लक्षणे. दिव्याची लुकलुक घरच्या घरी तपासण्याचाही एक उपाय आहे. अंधाऱ्या खोलीत त्या एका दिव्याखाली पेन्सिल वेगाने इकडून तिकडे हलवावी. प्रकाश सपाट असेल तर पेन्सिलीचा सलग धूसर पट्टा दिसतो; लुकलुक असेल तर अनेक सुट्या पेन्सिली दिसतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यावर सरकते काळे पट्टे दिसले, तर तोही लुकलुकीचाच पुरावा.

येथे एक सावधगिरीची सूचना अत्यावश्यक आहे. वर वर्णन केलेला दिवा ट्रान्सफॉर्मरचा आहे. त्याची दिव्याकडची बाजू घरच्या विजेपासून वेगळी असते. बाजारातील अनेक स्वस्त एलईडी दिव्यांत ट्रान्सफॉर्मर नसतोच. २३० व्होल्ट थेट रेक्टिफायरमध्ये जातात आणि कपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भरतो. पुरवठा २७० ला गेला तर हा आकडा ३८० च्या वर जातो, म्हणूनच अशा दिव्यांत ४०० व्होल्टचे कपॅसिटर असतात. दिवा बंद केल्यावरही तो भार काही काळ आत राहतो आणि जबर धक्का देऊ शकतो. दिवा चालू असताना त्याचा प्रत्येक भाग थेट घरच्या विजेशी जोडलेला असतो. असा दिवा उघडणे हे जाणकार वायरमनचे काम आहे; हौसेने तेथे हात घालू नये.

कपॅसिटरकडून अपेक्षा किती?

कपॅसिटर बसवला की व्होल्टेजचा सारा त्रास संपेल, असाही एक समज आढळतो. दोन उंचवट्यांमधली दरी भरून काढणे, म्हणजे काही मिलिसेकंदांचा खंड सांभाळणे, एवढेच त्याचे काम. संध्याकाळी पंप सुरू झाल्याने व्होल्टेज तासभर खाली राहिले, तर कपॅसिटरही त्या खालच्या पातळीवरच भरणार आणि दिवा मंदच राहणार. वीज गेल्यावर दिवा चालू ठेवणे हे बॅटरीचे काम. वरच्या दिव्यातील ४७०० मायक्रोफॅरडचा साठा सेकंदाच्या अंशातच रिता होतो.

जेथे व्होल्टेज १८० ते २६० असे सतत हेलकावते, तेथे रेझिस्टरऐवजी धारा स्थिर राखणारा चांगला एलईडी ड्रायव्हर वापरणे अधिक योग्य. त्यातही कपॅसिटर असतोच, आणि तोही उष्णतेनेच आधी थकतो. तेव्हा ड्रायव्हर विकत घेतानाही त्याच्या आतील कपॅसिटर १०५ अंशांचा आहे की नाही, हे विचारण्यात अर्थ आहे.

गोव्याच्या घरांसाठी

गोव्यात कलबुर्गीचा उन्हाळा नाही. खोलीचे तापमान आठ-दहा अंशांनी कमी, म्हणजे त्याच नियमाने कपॅसिटरचे आयुष्य जवळपास दुप्पट. परंतु येथे दुसरे दोन शत्रू आहेत. खारी, दमट हवा कपॅसिटरच्या आत शिरत नसली, तरी त्याच्या पायांना आणि डाखेच्या सांध्यांना गंज चढवते. किनाऱ्यालगतच्या घरांत दिवा लुकलुकू लागला तर कपॅसिटर बदलण्यापूर्वी सांधे तपासावेत. तसेच पावसाळ्याच्या तोंडावर विजांचा कडकडाट सुरू असताना वाहिनीवर व्होल्टेजचे क्षणिक उसळे येतात. त्यांच्यासाठी ३५ व्होल्टचा राखीव पल्ला येथेही उपयोगी आहे. मोठ्या गडगडाटात मात्र दिव्याचा प्लग काढून ठेवणे हाच खरा बचाव.

पुढच्या वेळी दुकानात कपॅसिटर मागताना तीन आकडे एकत्र सांगावेत. उदाहरणातील दिव्यासाठी ते असे आहेत : ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, १०५ अंश, साध्या वाचनाच्या दिव्यासाठी पहिला आकडा २२०० केला तरी चालेल. दुकानदाराने ‘हाच चालतो’ म्हणून १६ व्होल्टचा किंवा ८५ अंशांचा पुढे केला, तर तो परत करावा. बिदरच्या कारागिराला रात्री चांदीची तार खाचेत बसवताना लागणारा स्थिर प्रकाश या तीन आकड्यांवरच अवलंबून आहे.